पान पाचवरचा नाला

आपल्या ओट्यावर सकाळी सात ते पावणेआठ पेपर वाचला जातो, हे तुम्ही दोघांनी फोनवर पाहिलं आहे. तुम्ही विचारलं होतं, त्या बाया आजीकडे भाजी घेऊन का बसतात. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. कुणाचंही नाव लिहीत नाही. इथे आलात की माणसं तुम्हाला आपोआप ओळखू येतील.

तिघी येतात. एक मेथीवाली. गावाच्या खालच्या अंगाला नाला वाहतो, त्याच्या काठावर तिचं दीड एकर शेत आहे. पहाटे तोडलेली मेथी ती पोत्यावर पसरते आणि ऐकता ऐकता तिच्या जुड्या बांधते. बाजाराच्या दिवशी त्या जुड्या घेऊन ती अमडापूरला जाते. दुसरी थोरली, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. तिच्याकडे वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. तिचं शेतही नाल्याला लागूनच. तिसरी मागच्या गल्लीतली बांगड्या विकणारी भाभी. तिला बांधायला काही नसतं. ती घरून स्टीलच्या पेल्यात स्वतःचा चहा घेऊन येते, कारण माझ्या चहात साखर नसते असं तिचं म्हणणं आहे.

हे करोनाच्या वर्षी सुरू झालं. तेव्हा गावात प्रत्येक घरी वेगळी बातमी होती. थोरलीच्या घरी टीव्हीवर एक सांगत, तिच्या मुलाच्या फोनवर दुसरं येई, आणि बापलेकांचं जेवणाच्या ताटावर वाजे. एके दिवशी ती ओट्याशी आली आणि म्हणाली, "बाई, टीवीवाले म्हंते एक, फोनवाले म्हंते दुसरं. तुमी इंग्रजी शिकेल, तुमाले दोन्हीकडचं समजते. खरं कोन्तं हाय ते सांगा."

मी तेहतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. असा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. मी दोन पेपर घेत असे. मराठी पेपर त्याच दिवशी यायचा, इंग्रजी एस.टी.ने दुसऱ्या दिवशी. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचू लागले. दोन्हींत जे जुळे ते मी पक्कं धरी. पुढे या बाया रोजच येऊ लागल्या, तशी मी एक पद्धत बसवली. पेपर सव्वासहाला येतो. साडेसहापर्यंत मी तो लाल पेन्सिल घेऊन एकदा पुरा पाहून घ्यायची, मुलांचे पेपर तपासताना पाहायची तसाच. वाचायच्या बातमीवर बरोबरची खूण, गाळायच्या बातमीवर फुली.

फुली कशावर पडे तेही सांगते. गळफास, विषप्राशन यांवर. बायांवर झालेल्या अत्याचारांवर. भाभी समोर बसलेली असताना दोन समाजांच्या भांडणांवर. आणि ज्या आरोपाला पुरावा दिलेला नाही, त्यावर. याला मी नीटनेटकेपणा म्हणत होते. चार वर्षं त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. उलट थोरली गल्लीत सांगत असे, "आमची बाई वाचते तेवढंच पक्कं. बाकी सारे इकलेले हाय." टीव्ही विकला गेलेला, फोन विकला गेलेला, पेपरसुद्धा अर्धा विकला गेलेला, पण बाई नाही. हे मला आवडत असे.

गेल्या वर्षी संक्रांत होऊन महिना उलटला होता. बाजाराचा दिवस होता. पेपर उघडला तर पान पाचवर, जिल्ह्याच्या बातम्यांत, आपल्या गावाचं नाव. "नाल्याच्या पाण्यावर पिकतो भाजीपाला, नागरिकांच्या आरोग्याशी खेळ." दोन कॉलमची बातमी आणि रंगीत फोटो. फोटोत पुढे काळं पाणी, त्यात सोडलेला एक पाईप, मागे हिरवंगार शेत आणि त्यात निळ्या पत्र्याचं खोपट. ते खोपट मेथीवालीचं. गावात दुसरं निळं खोपट नाही.

बातमीत कुणा शेतकऱ्याचं नाव नव्हतं. कुणा अधिकाऱ्याचं म्हणणं नव्हतं. गावातल्या कुणाला काही विचारल्याचं दिसत नव्हतं. मी फुली मारली. पुरावा नाही, हे कारण मी मनाशी नोंदवलं. दुसरं कारण मी तेव्हा नोंदवलं नाही. तिला त्याच दिवशी बाजारात बसायचं होतं, आणि तिचा चेहरा उतरलेला मला पाहायचा नव्हता.

त्या दिवशी मी हवामान वाचलं, दहावीचं वेळापत्रक वाचलं, आणि तिकडे डोंगराकडच्या एका गावात बिबट्या दिसल्याची बातमी वाचली. थोरली म्हणाली, "पाह्य वं, बिबट्याचं बी नाव पेपरात येते. आपलं काई येत नाई."

"तू एखांद्याले चावून पाह्य ना," मेथीवाली म्हणाली. "येईन तुहं बी."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पान पाच माझ्या मांडीवर घडी घातलेलं होतं.

आठला ॲपे रिक्षा आली, आणि ती दीडशेक जुड्या घेऊन गेली. चारला परत आली तेव्हा पोती भरलेलीच होती. बाजारात काय झालं ते मला आधी भाभीने सांगितलं, कारण तिचं बांगड्यांचं दुकान मेथीवालीच्या समोरच लागतं.

दहाच्या सुमाराला एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या फोनवर पान पाचचा फोटो होता. त्याने तिला विचारलं, "हे खोपट तुहंच ना?" तिने फोन पाहिला आणि हो म्हणाली. मग आजूबाजूच्या दोघा-तिघांनी पाहिलं. कुणीतरी "गटाराची मेथी" म्हणालं आणि तो शब्द दुपारपर्यंत बाजारभर झाला. एका बाईने पिशवीत घातलेली जुडी परत आणून ठेवली. अमडापूरची एक खानावळ तिच्याकडून दर बाजाराला चाळीस जुड्या घेते. त्या खानावळवाल्याने दुरूनच हात हलवला.

आता मुख्य गोष्ट. भाभीने ती सांगताना चहाचा पेला खाली ठेवला होता. मेथीवाली त्या गर्दीत उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "साफ खोटं हाय हे. आजचा पेपर म्या सकाळी अख्खा ऐकला. आमच्या बाईनं वाचला. असं काईच नव्हतं त्यात." फोनवर कुणी काहीही बनवतं, हे तिला ठाऊक होतं. टीव्ही खोटं बोलतो हेही ठाऊक होतं. म्हणून तिने माझी साक्ष दिली. तेव्हा शेजारच्या किराणा दुकानदाराने आतून खराखुरा पेपर आणला, पान पाच उघडलं आणि तिच्या मेथीवर ठेवलं. "तुही बाई तरी खरी हाय का, ते पाह्य आता."

ती आपल्याकडे आली तेव्हा मी वाळलेले कपडे घड्या करत होते. ती ओट्यावर चढली नाही.

"बाई, आजचा पेपर द्या."

मी दिला. ती चौथी शिकलेली आहे. तिने पानं मोजत पाचवं काढलं.

"ही लाल फुली कायची हाय?"

"वाचायचं नाही, अशी खूण आहे ती."

"म्हंजे तुमाले दिसलं होतं."

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"त्यात पुरावा काही नव्हता. तुला बाजारात जायचं होतं. उगीच तुझं मन..."

"माह्या मनाचं ऱ्हाऊ द्या. मले ठाऊक असतं तं म्या गेलीच नसती. नाईतं भांडाच्या तयारीनं गेली असती. म्या तं तुमची साक्ष देली, बाई. चारचौघात."

तिने पेपराची घडी होती तशी घालून परत दिली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

मेथी थांबत नाही. आज नाही तोडली तर चार दिवसांत जून होते. पुढच्या बाजारापर्यंत हा डाग निघाला नाही, तर तिचे दोन वाफे हातचे जाणार होते, आणि खानावळवाला दुसरीकडे लागला की तो परत येत नाही. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी काठी आणि वही घेऊन नाल्याकडे गेले. इतकी वर्षं मी दोन पेपर शेजारी ठेवून खरं शोधत होते. नाला घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि तो पाहायला मी कधी गेले नव्हते.

मेथीवालीच्या शेतात विहीर आहे. तिच्यावर मोटर आहे. मोटरीपासून वाफ्यापर्यंतचा पाईप मी पायाने चालत पाहिला. नाल्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मी वहीत लिहिलं. नाल्यात मात्र दोन पाईप होते, म्हणजे बातमी निव्वळ खोटीही नव्हती. एक पाईप पलीकडच्या काठावरच्या एका शेतात जात होता. दुसऱ्याच्या मागे मागे मी निघाले, तो वांग्यांच्या शेतात गेला. तिथे थोरली वाकून तण निंदत होती.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाईपाकडे. "संक्रांतीपासून इहीर उघडी पडली, बाई. मंग काय करू, वांगे वाळू देऊ? लेकरावानी वाढवले."

"हे पाणी गावाच्या गटाराचं आहे."

"आमी बी तेच खातो ना. मेलो का?"

हेही मी वहीत लिहिलं.

तिथून मी वार्ताहराकडे गेले. तो माझा जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. पेपर वाटायचं काम त्याच्याकडे, जाहिराती गोळा करायचं काम त्याच्याकडे, आणि बातम्याही तोच देतो. त्याने बातमी का दिली, यावर गावात तोवर तीन मतं झाली होती. एक, सरपंचाने वाढदिवसाची जाहिरात दिली नाही म्हणून त्याने सूड उगवला. दुसरं, शेजारच्या गावच्या भाजीवाल्यांनी छापवून आणलं. तिसरं, निवडणूक जवळ आली. मी त्याला सरळ विचारलं की फोटो त्याच शेताचा का.

"मॅडम, पाईप दिसायला पाह्यजे होता. तिथूनच नीट दिसत होता. बाकी सगळीकडून ऊन डोळ्यावर येत होतं."

"त्या शेताला विहिरीचं पाणी आहे."

"मी कुठं नाव लिहिलं तिचं? मी तं गावाच्या भल्याचंच लिहिलं."

"सरपंचाला जाहिरात मागितली होतीस?"

"जाहिरात तं मी सगळ्यालेच मागतो, मॅडम. सरांच्या पुण्यस्मरणाची तुम्हाले बी मागितली होती. तुम्ही नाही म्हणाल्या, तं मी काय तुमच्यावर बातमी लावली?"

सर म्हणजे तुमचे आजोबा. मला यातलं काय खरं आहे ते आजही माहीत नाही. उन्हाचं कारण मला पटलं, कारण असं कारण कुणी बनवून सांगत नाही. पण ते पटलं म्हणून बाकीची तीन खोटी ठरली, असंही नाही. तो म्हणाला, खुलासा लिहून द्या, पुढे पाठवतो, तीन ओळी येतील.

मी चार वाक्यं लिहिली. फोटोतल्या शेताला विहिरीचं पाणी आहे, हे मी समक्ष पाहिलं. नाल्यात दोन शेतकऱ्यांचे पाईप आहेत, तेही समक्ष पाहिलं. त्या दोघांच्या विहिरी आटल्या आहेत, त्यांना पाण्याची दुसरी सोय हवी. बातमी देण्याआधी गावात विचारायला हवं होतं. वार्ताहराकडे देण्याआधी ही वाक्यं ओट्यावर वाचून दाखवायचं ठरवलं, आणि भाभीला सांगून मेथीवालीला बोलावून घेतलं. ती आली, पण पायरीवरच बसली.

वाचून झाल्यावर पहिल्यांदा थोरली बोलली. "दोन शेतकरी म्हनलं की गाव नावं घेते, बाई. त्याच्यापरीस सगळेच इहिरीचं पानी घेते, असं लिहा. तुमचं कोन खोटं म्हनते?"

"मी पाईप पाहिला आहे."

"फुली मारा ना मंग त्याच्यावर. तुमाले तं येते मारता."

भाभी चहाच्या पेल्यात पाहू लागली. मी मेथीवालीकडे पाहिलं. सगळे विहिरीचं पाणी घेतात असं छापून आलं असतं तर तिचं काम झालंच असतं, शेजारीणही दुखावली नसती.

ती म्हणाली, "तुमी पाह्यलं ना? मंग जे पाह्यलं ते लिहा. येक डाव गाळलं त्याचं काय झालं, ते म्या भोगून राह्यली."

थोरलीने पोतं गुंडाळलं आणि निघून गेली.

खुलासा चार दिवसांनी आला. पान सातवर, अगदी खाली, एका दवाखान्याच्या जाहिरातीखाली. "येथील सर्व शेतकरी विहिरीच्याच पाण्यावर भाजीपाला घेत असल्याचे गावातील एका सेवानिवृत्त शिक्षिकेने कळविले आहे." एवढंच. चार वाक्यांचं एक झालं होतं, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं. वार्ताहर म्हणाला, कापाकापी वरती होते, त्याच्या हातात नसतं. ज्या गोष्टीला मी नकार दिला होता तीच आता माझ्या नावावर छापून आली होती.

त्या सकाळी मी पान सात मोठ्याने वाचलं, आणि त्यानंतर माझी नक्कल वाचली. मी प्रत्येक पत्राची नक्कल ठेवते. भाभी म्हणाली, "छप गया तो पक्का हो गया, बाई. आता तुमची वही कोन वाचते?"

दुसऱ्या दिवशी थोरली हसत आली. तिच्या पदरात सात-आठ वांगी होती. "ऐकलं वं आखरीले बाईनं माहं."

"मी तसं लिहिलं नाही. पेपरवाल्यांनी बदललं."

"ऱ्हाऊ द्या आता. कायले लाजता?"

ती ते मानायला तयार नव्हती. चार वर्षं माझ्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला, आणि जेव्हा मी अगदी खरं सांगत होते तेव्हा नेमका नाही. वांगी तिने ओट्यावर ठेवली. चार दिवस ती टोपलीत राहिली, मग मी ती खताच्या खड्ड्यात टाकली. थोरलीला हे माहीत नाही.

खुलाशाचा मेथीवालीला काही उपयोग झाला नाही. बाजारात पान सात कुणी वाचलेलं नव्हतं. तिने पुढच्या बाजाराला जायचं टाळलं, आणि जून झालेला एक वाफा शेळ्यांना घातला. दुसरा वाफा वाचला तो वेगळ्याच कारणाने. खानावळवाल्याला दुसरीकडची मेथी कडू लागली. तो एका दुपारी मोटारसायकलवर थेट तिच्या शेतात आला. विहिरीत वाकून पाहिलं, तिला मोटर चालू करायला सांगितली, पाईपाला तोंड लावून पाणी प्यायला आणि म्हणाला, "पाठव उद्यापासून." त्याच्या खानावळीत मेथी परत आली, तसं होळीपर्यंत बाकीचं गिऱ्हाईकही हळूहळू आलं. "गटाराची मेथी" अजून कधीकधी कुणी म्हणतं, पण चिडवायला.

त्यानंतर मेथीवाली परत ओट्यावर बसू लागली. मी तिला पेन्सिल दाखवली आणि म्हणाले, आता ही बंद, सगळं सरसकट वाचते.

"नाई," ती म्हणाली. "खूण ऱ्हाऊ द्या."

"का?"

"खूण असली म्हंजे मले समजते, कुठं पाह्याचं."

तेव्हापासून अशी पद्धत आहे. बरोबरच्या खुणेच्या बातम्या मी वाचते. मग ती हात पदराला पुसते, पेपर घेते, पानं उलटून फुल्या शोधते आणि त्या बातम्या स्वतः वाचते, ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने. जोडाक्षरावर अडते. मी सांगायला गेले तर हाताने थांबवते. पहिल्या आठवड्यात एका मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली, तीही तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. एकदा दोन समाजांच्या दगडफेकीची आली. ती मध्येच थांबली आणि तिने भाभीकडे पाहिलं. भाभी म्हणाली, "पढ, पढ. मले काय घरी टीवी नाई?" तिला हे सगळं आधीपासून माहीत असायचं. चार वर्षं मी तिच्यापासून काय लपवत होते, कुणास ठाऊक.

मला पहिल्यांदा वाईट वाटलं. पेपर तपासून झाल्यावर कुणीतरी तो पुन्हा तपासायला नेतं, तसं. आता वाटत नाही. फुल्या मात्र मी अजूनही माझ्या मनाप्रमाणेच मारते, आणि तुमच्याशी फोनवर बोलतानाही मारते. पावसाळ्यात मी न्हाणीत पडले होते आणि तीन आठवडे डावा हात गळ्यात होता, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तर आता सांगेन.

थोरलीची विहीर यंदाही उघडी पडली आहे. पाईप नाल्यातच आहे. ती येते, ऐकते, आणि मेथीवाली फुलीच्या बातमीकडे वळली की पोतं उचलून निघते.

कालच्या पेपरात तीन फुल्या होत्या. तिसरी लांबलचक होती. ॲपेवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मेथीवालीने मान वर न करता हात दाखवून त्याला थांबवलं, आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.